मात्सुए बाईंना हौद बघायचाय

हाउन्सलो,
रविवार, १४ ऑक्टोबर २००७

ती. आबांना आणि आईला,
सुचेताचा साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं इथे खुशाल आहोत. थंडी सुरू झालीय, पण तुम्ही पाठवलेली घोंगडी आहे. निधीला आजोबांची आठवण येते, पुष्करला आईच्या पांढऱ्या रश्श्याची, आणि मला तुम्हा सगळ्यांची, नंदू सोडून. नंदूवर का चिडलेय ते सांगते.

आबा, पुष्कर मला मारत नाही.

गेल्या रविवारी नंदूच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपण बोललो, तेव्हा माझी बाही वर सरकली आणि दंडावरचा काळानिळा डाग त्याला दिसला. दिसला तर दिसला, मला विचारायचं ना! ह्या शहाण्याने दुकानाचं शटर ओढलं आणि आईला जाऊन सांगितलं. आईने रडत मावशीला फोन केला, मावशीने पुण्याला माझ्या सासूबाईंना. आणि सासूबाईंनी बुधवारी पुष्करला भर मीटिंगमध्ये फोन करून विचारलं, "तू माझ्या सुनेवर हात उचलतोस?" बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. अहो, त्याला मुंगी मारायची झाली तरी तो आधी इंटरनेटवर तिची माहिती वाचेल. लोणच्याची बरणी उघडायची असली तर मला हाक मारतो. आणि तुम्ही त्याच्याशी बोलणंच टाकलंत! तेव्हापासून तो घरात पाय न वाजवता चालतोय. त्याला एक फोन करा.

मग डाग कसला? मला एका बाईने पाडलं. नंतर मी तिला पाडलं. हे सगळं सांगायलाच पत्र लिहायला बसलेय, फोनवर तुम्ही मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता.

नाताळच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला येतोय. येताना एक पाहुणी आणणार आहे. जपानची आहे, नाव कियोको मात्सुए, वय पन्नास. तिला तुमची तालीम बघायचीय. दारातून नव्हे, हौदातल्या लाल मातीत उतरून. आता तुम्ही चष्मा काढून पत्र खाली ठेवलं असेल. उचला बघू. पुरतं वाचा आणि मग काय ते बोला.

गेल्या वर्षी निधीच्या शाळेच्या हॉलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ज्यूदोचा वर्ग सुरू झाला. ज्यूदो म्हणजे जपानची कुस्ती समजा. लंगोटाऐवजी जाड सुती कोट आणि कमरेला पट्टा. कोट धरायचा आणि पाडायचं. समोरच्याची पाठ नीट टेकली की खेळ खलास, आपल्यासारखंच. शिकवायला ह्या मात्सुए बाई. ठेंगण्या, पिकलेले केस बारीक कापलेले, एका गुडघ्याला पट्टा, आणि चालणं एवढं हळू की मला वाटलं ह्या काय शिकवणार!

पहिल्या दिवशी मी निधीला म्हटलं, "गुरू आहेत, नमस्कार कर." पोरगी गुणी. गेली, वाकली आणि बाईंच्या पायाला हात घातला. आबा, पुढचं मला दिसलंच नाही. बाईंचा पाय मागे गेला, एक हात निधीच्या कॉलरला, आणि पोर मॅटवर उताणी! लागलं काहीच नाही, जणू कुणी गादीवर निजवलं. पण हॉलमधल्या सगळ्या गोऱ्या आयांनी "ओ माय गॉड" केलं. मी मात्र खुर्चीवरून ओरडले, तेही मराठीत, "अहो, पट नाही काढत ती, नमस्कार करतेय!"

पायाला हात घातला की पैलवानाचं अंग विचार करत बसत नाही, हे मी तुमच्याच घरात शिकलेय. बाईंनी निधीची एवढ्यांदा वाकून माफी मागितली की शेवटी निधीच लाजली. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "तुम्ही काय ओरडलात?" मी सांगितलं की आमच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात, आणि आमच्या कुस्तीत पाय धरून पाडायचा डाव आहे, त्याला पट म्हणतात, माझे वडील कोल्हापूरचे वस्ताद आहेत. बाईंचे डोळे लकाकले. "म्हणजे तुम्हीपण कुस्ती?" मी म्हटलं, "नाही. आमच्या हौदात बायका उतरत नाहीत." "का?" "परंपरा." बाई म्हणाल्या, "हं. आमच्याकडेपण होती." आणि पोरांना रांगेत उभं करायला निघून गेल्या.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. दक्षिण जपानातल्या एका बंदरात वडील मासळीच्या लिलावात काम करायचे. पोलीस चौकीच्या हॉलमध्ये ज्यूदो चालायचा, तिथे भावाच्या मागे मागे ह्याही जायच्या. मुलींनी सराव केला तर चालायचं, पण स्पर्धा नाही. बाई मग रोज मुलांना पाडायच्या आणि स्पर्धेच्या दिवशी त्यांचे कोट धुवायच्या. पुढे मुलींच्या स्पर्धा निघाल्या तेव्हा ह्या विशीत होत्या. पहिल्याच वर्षी देशात पहिल्या. असं चार वेळा. जगात एकदा दुसऱ्या. त्या फायनलला एका फ्रेंच मुलीने त्यांची पाठ टेकवली, ते तर त्या आजही हसत हसत करून दाखवतात, स्वतः फ्रेंच मुलगी होऊन.

मग गुडघा गेला. एका मोठ्या कंपनीच्या महिला संघाची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. बाई सांगतात, "मी फार वाईट शिक्षिका होते. मी डाव करून दाखवायचे, मुली टाळ्या वाजवायच्या, आणि स्पर्धेत हरून यायच्या." गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यावर त्या पायावर उभं राहून कुणाला पाडणं जमेना. मग त्या स्वतः पडायला लागल्या. प्रत्येक मुलीला सांगायच्या, "मला पाड. असं नाही. पुन्हा पाड." दिवसभर पडायच्या. अंगावर पडलं की कळतं ना आबा, डाव कुठे कच्चा आहे ते! त्या वर्षी मुली जिंकायला लागल्या. देशात पहिली आलेली बाई पोरींच्या हातून दिवसभर आपटून घेतेय, हे बघून कंपनीचे साहेब म्हणे चक्रावून गेले होते.

नवरा इंग्रज, बोटींच्या इंजिनांचा इंजिनियर. त्याच्याबरोबर इथे ईलिंगला आल्या. एका मोठ्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये वर्ग काढला आणि पहिले कितीतरी महिने नुसतं पडायलाच शिकवलं. आईबापांना पोरांच्या गळ्यात मेडल हवं होतं, ते कंटाळले. निम्मी पोरं गेली, मॅनेजरने हॉल काढून घेतला. मग आमच्या शाळेचा हा हॉल, जिथे दुपारच्या चिप्सचा वास रात्रीपर्यंत जात नाही. पण ईलिंगमधली जी निम्मी पोरं टिकली होती, त्यातल्या दोन मुली आज ब्रिटनच्या संघात आहेत. बाई हे स्वतः कधी सांगत नाहीत. मी सांगते, सगळ्यांना सांगते.

आता माझं. वर्गाच्या आधी पालकांनी मॅट घालायला मदत करायची असते. म्हणून मी मॅट घालायला जायचे. मॅटवर बूट चालत नाहीत, म्हणून बूट काढले. अनवाणी उभीच आहे म्हटल्यावर बाई म्हणाल्या, जरा निधीला धरायला उभ्या राहा. मग एक जुना कोट मिळाला. तुम्हाला पुढचं कळलंच असेल. होय आबा, एक्केचाळीसाव्या वर्षी, एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसातून सुटले की मी कोट घालून कुस्ती खेळते, आणि मला लई आवडतं. दीड वर्ष फोनवर सांगायचं टाळत होते, कारण तुमचं "हं" मला इथून ऐकू येत होतं.

पहिल्याच शुक्रवारी बाईंनी मला पाडलं. मी पडले, मॅटवर हात आपटला, मान आत घेतली आणि उठून बसले. बाईंनी दुसऱ्या बाजूला पाडलं. पुन्हा तेच. त्या म्हणाल्या, "नवीन माणूस असं पडत नाही. तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. पण घरी येऊन भात लावताना आठवलं. नंदू तालमीत यायला कुरकुर करायचा म्हणून तुम्ही त्याला संध्याकाळी अंगणात डाव समजावून सांगायचात. "नंद्या, हिकडं बघ. सुचे, तू हुबी ऱ्हा." मी उभी राहायचे. तुम्ही मला ढाक लावायचात, टांग मारायचात, पट काढायचात, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्याखाली तुमचा हात असायचा. नंदू आभाळातल्या घारी बघत बसायचा. आणि मला वाटायचं, उद्याही ह्याला समजू नये.

पुढच्या शुक्रवारी हे बाईंना सांगितलं. त्यांनी माझा सैल झालेला पट्टा नीट बांधला. मग म्हणाल्या, "मुलगा नुसता बघत होता. पडत होतीस तू. मग शिकवलं कुणाला?" आबा, मी कार पार्कमध्ये येऊन रडले. पुष्करला वाटलं, काही मोडलं.

तर तो डाग. त्या रविवारच्या आदल्या दिवशी लेस्टरला पस्तिशीवरच्या बायकांची स्पर्धा होती. दुसरी लढत स्कॉटलंडच्या एका पोलीस बाईशी, माझ्या दीडपट. तिने माझा उजवा दंड असा काही पकडला की विचारू नका. एकदा तिने मला कुशीवर पाडलं, त्याचा अर्धा गुण गेला. पुष्करने डोळ्यांवर हात ठेवले होते, निधी तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत ओरडत होती, "आई, तुझी पाय! तुझी पाय!" मग ती पोलीस बाई मागे सरत मला ओढायला लागली. मी ओढाताण केलीच नाही. "तो मागं वढतोय न्हवं? मग जा की त्याच्यासंगं!" हे तुम्ही नंदूला शंभरदा सांगितलं असेल. मी गेले तिच्यासंगं, आतून टांग घातली, आणि धाडकन! पूर्ण पाठ, आबा! पंचाने हात सरळ वर केला. तिसरी लढत मी हरले, कार्डिफच्या एका दाताच्या डॉक्टरणीने मला धुतलं, पण एकूणात तिसरी आले.

बाईंना तुम्हाला भेटायचंय. त्या म्हणाल्या, ज्याने तुला पडायला शिकवलं त्याच्या मातीत एकदा उतरायचंय. मी त्यांना सांगितलं, आबांना विचारते.

तर विचारतेय. उतरू द्याल? हौदात बाईमाणूस नको, मारुतीचं ठिकाण आहे, हे मला पाठ आहे. पण आबा, मारुती ब्रह्मचारी आहे, भित्रा नाही. आता तर ऑलिंपिकमध्येसुद्धा बायकांची कुस्ती आलीय.

आणि पाहुणीच्या आडून बोलणं मला शोभत नाही, म्हणून तेही लिहिते. बाईंबरोबर मलाही उतरायचंय. खरं तर मलाच उतरायचंय.

उत्तर तुमच्या हातचं हवं, नंदूकरवी निरोप नको. आईला सांगा, डागाला हळद लावतेय.

तुमची लेक,
सुचेता


हाउन्सलो,
भाऊबीज, ११ नोव्हेंबर २००७

ती. आबांना,
नमस्कार. तुमचं पोस्टकार्ड पोचलं. पुष्करला फोन करून "जावईबापू" म्हणालात, तेव्हापासून गडी हवेत आहे, काल तर बरणीसुद्धा स्वतः उघडली. आईच्या चकल्या इथले आमचे मित्र गिरीश आणि चैत्राली, त्यांच्या घरी दिवाळीत नेल्या, तुकडासुद्धा उरला नाही. दिवाळी छान झाली. आता भांडते.

तुम्ही लिहिलंत, "बाईंना घेऊन ये. परदेशातल्या कलावंत आहेत, आपल्या पाहुण्या आहेत, त्यांना हौदात उतरू देऊ. तू आईजवळ थांब. बाईंच्या गुडघ्याला कोणतं तेल लावतात?"

वा आबा! पाहुणी आत आणि लेक चुलीपाशी!

तेलाचं आधी सांगते, कारण बाईंना तो प्रश्न फार आवडला. त्या काही लावत नाहीत, बर्फ ठेवतात. तुम्ही कपाळाला हात लावला असणार. तुमच्या हातच्या तेलाने मालीश करून घ्यायला त्या एका पायावर तयार आहेत, दुसरा तसाही चालत नाही, हे त्यांचंच वाक्य.

कार्ड मी त्यांना शुक्रवारी वर्ग सुटल्यावर वाचून दाखवलं. मधलं वाक्य गाळणार होते. पण खोटं बोलायला गेले की माझे कान लाल होतात, आणि ह्या बाई समोरच्याच्या खांद्यावरून त्याच्या मनातला डाव ओळखतात. सगळं वाचलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, तुमचं अक्षर बघितलं आणि विचारलं, "ह्यात तुझं नाव कुठे आहे?" मी म्हटलं, कुठेच नाही. तेव्हा म्हणाल्या, "वस्तादांना माझा नमस्कार कळव. त्यांनी मान दिला, मी आभारी आहे. पण शिष्येला दारात उभी करून मी आत गेले, तर माझे मुलांचे कोट धुण्याचे दिवस फुकट गेले." असं म्हणून मॅट उचलायला लागल्या. गुडघ्याचं दुखणं घेऊन दर वेळी स्वतः उचलतात, ऐकत नाहीत.

म्हणजे आता बाईसुद्धा उतरणार नाहीत. त्या कोल्हापूरला येतील, आईच्या हातचं जेवतील, तुम्हाला वाकून नमस्कार करतील आणि परत जातील. चार वेळची चॅम्पियन बाई उंबऱ्यापर्यंत येऊन गेली, असं गल्लीभर होईल. ते तुम्हाला चालेल का, ते तुम्ही बघा.

हे मी शांतपणे लिहिणार होते. पण आज ओवाळणीचा फोन आला तेव्हा नंदू बोलून गेला. म्हणाला, आबा रोज संध्याकाळी तालमीत असतात, हौद स्वतः खणतायत. नवीन लाल माती आणवली, चाळून घेतली, त्यात तेल, ताक, हळद, लिंबं घातली. पोरांना हातसुद्धा लावू देत नाहीत. म्हणतात, बाईंचा गुडघा दुखरा आहे, माती लोण्यासारखी पायजे.

आबा, मला आनंद झाला. खरंच झाला, तुम्ही कमरेचं दुखणं घेऊन फावडं धरलंत म्हणून माझा जीवही वरखाली झाला. आणि मग फोन ठेवल्यावर असा राग आला की पुष्कर निधीला घेऊन बागेत निघून गेला.

तुम्ही मला कशावर पाडायचात, आठवतं का? अंगणातल्या शहाबादी फरशीवर. गल्लीतली पोरं तेल-ताकाच्या मातीत पडायची, आणि तुमची लेक फरशीवर. डोक्याखाली तुमचा हात होता, हे मी कधी विसरणार नाही. पण पाठीखाली फरशी होती, हेही विसरलेले नाही. मी कधी "लागलं" म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "ऱ्हाऊ दे, जा आत." मला आत जायचं नव्हतं. मला तुमच्यासमोर उभं राहायचं होतं.

जी माती तुम्ही एका अनोळखी बाईसाठी चाळताय, ती मला एकदाही मिळाली नाही. आणि मिळाली नाही म्हणून मी तक्रार केली नसती, जर तुम्ही एकदा तरी म्हणाला असता की पोरगी चांगली पडते. लेस्टरला पंचाचा हात वर गेला तेव्हा मी आधी प्रेक्षकांत बघितलं. तुम्ही सात समुद्रापलीकडे होतात आणि मी वेड्यासारखी तुम्हाला शोधत होते.

बाईंमुळे मला एवढं कळलंय की मी तुमच्याकडे मागायला येत नाहीय. शिकवलंत तुम्ही, शिकले मी, ते होऊन गेलंय. तुमच्या "हो"ने ते जास्त होणार नाही आणि "नाही"ने कमी होणार नाही. तुमच्या तालमीत नंदू कधी टिकला नाही, गल्लीतली पोरं आता जिममध्ये जातात, आणि तुमची आतली टांग आज हाउन्सलोच्या शाळेत निधी शुक्रवारी शुक्रवारी घोटतेय. परवा एका पंजाबी मुलाला तिने त्याच टांगेने बसवलं. बसवल्यावर लगेच त्याला उठायला हात दिला. तेसुद्धा तुमचंच.

तर माझं ठरलंय. आम्ही नाताळच्या आधीच्या शुक्रवारी पोचतोय. शनिवारी पहाटे तुम्ही तालमीचं दार उघडाल तेव्हा मी आणि बाई बाहेर असू. चपला बाहेर काढीन, मारुतीला नमस्कार करीन आणि हौदाकडे चालत येईन. ओरडू नका, ओरडण्याने मी थांबणार नाही, आईला विचारा. मला अडवायचं असेल तर तुम्हाला पुढे होऊन हात धरावा लागेल.

आणि हौदाच्या काठावर तुम्ही माझा हात धरलात की आबा, सलामी झाली, कुस्ती लागली. पुढचं मी बघते.

तुम्ही माना न माना,
तुमची पठ्ठी
सुचेता